सोलापूरहून घाटातल्या जंगलात ट्रेकला जाताय? या चुका टाळा

पाऊस ओसरला की सोलापुरातले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागे होतात. ‘शनिवारी रात्री निघू, रविवारी गड करू, सोमवारी ऑफिस गाठू.’ एवढ्याला आपल्याकडे प्लॅनिंग म्हणतात. मग सोबतीला चला म्हणून मला फोन येतो, मी चार प्रश्न विचारतो आणि पलीकडचा माणूस वैतागतो.

आपलं गाव पठारावर. उंची साडेचारशे मीटरच्या आसपास, हवा कोरडी, माळ उघडा. दोन कोसांवरचं झाड इथून दिसतं. इथं वाढलेल्या माणसाचे अंदाज या माळावर बरोबर ठरतात आणि सह्याद्रीच्या झाडीत साफ चुकतात. बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

किलोमीटर बघून वेळ ठरवणे

‘चौदा किलोमीटर ना? रोज सकाळी संभाजी तलावावर आपण तासात पाच-सहा सहज मारतो. म्हणजे तीन तास.’ हे गणित मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. तलावाभोवती चढ कुठे आहे?

विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली एक साधा हिशेब मांडला, तो अजून चालतो. पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १४ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर जवळपास सव्वाचार तास. हा हिशेब बऱ्या वाटेवरून न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा. आपल्या ग्रुपमध्ये फोटो काढणारे असतात, बूट चावणारे असतात, शेवाळलेल्या दगडावर बसून उतरणारे असतात. म्हणून मी त्यात निम्मा वेळ आणखी धरतो. झाले साडेसहा तास. जेवण आणि विश्रांतीचा दीड तास वेगळा. तीनाचे आठ झाले बघा.

आता उलटं मोजायचं. डिसेंबरात पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण दाट झाडीत त्याच्या बरंच आधी पायाखालचं दिसेनासं होतं. म्हणून पाचला जंगलाबाहेर, हे माझं ठरलेलं. पाचातून आठ गेले की सकाळचे नऊ. नऊला पहिलं पाऊल पडणार नसेल तर ट्रेक छोटा करायचा किंवा पुढच्या वेळेवर टाकायचा. शिवाय परत फिरायची वेळ मी घरीच कागदावर लिहितो आणि तो कागद खिशात ठेवतो. ती वेळ झाली की शिखर वीस मिनिटांवर असलं तरी मागे वळायचं. यावर वर गेल्यावर चर्चा नाही, कारण वर गेल्यावर कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

वासोटा किल्ल्याला तर वेळेचा हिशेब दुसऱ्याच्या हातात असतो. बामणोलीहून बोटीनं कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून पलीकडे उतरायचं, कोयना अभयारण्यातून चढायचं आणि संध्याकाळच्या आत परत बोटीत बसायचं, कारण गडावर मुक्कामाला परवानगी नाही. सोलापूरहून सातारा दोनशेच्या वर किलोमीटर आणि तिथून पुढे बामणोली. पहाटे निघून त्याच दिवशी वासोटा करू म्हणणाऱ्यांनी धरणातली बोट-सफर करून परत यावं, तीही चांगली असते.

‘ओढा धरला की गाव लागतंय’

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि ती खास आपल्या लोकांची आहे. माळावर चुकलात तर ओढ्याकाठानं चालत राहा, कधीतरी वस्ती नाहीतर सीना-भीमेचा काठ लागतोच. आजोबांनी शिकवलेलं ज्ञान आहे आणि सोलापूर जिल्ह्यापुरतं खरंही आहे.

ऑक्टोबरअखेर एका ग्रुपबरोबर खिरेश्वरच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. ज्यांनी ती वाट केलीय त्यांना माहीत असेल, टोलार खिंड आणि कातळटप्पा चढून गेलं की गड आला असं वाटतं, पण तिथून देवळापर्यंत टेकाडांमागून टेकाडं आहेत. मधे झाडी, आणि पावसाळ्यानंतर माणूसभर गवत. त्या गवतातून गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा सगळीकडे फुटलेल्या असतात आणि त्या खऱ्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या दिसतात. उतरताना दोन पोरं पुढे पळाली. एक नुकताच नोकरीला लागलेला, दुसरा त्याचा मावसभाऊ. ‘खिंडीत थांबतो’ म्हणाले. आम्ही कातळटप्प्याच्या वर पोचलो तर तिथं कुणी नाही. खालून चढून येणाऱ्या चौघांनाही कुणी भेटलं नव्हतं.

सोबत खिरेश्वरचे एक मामा वाटाड्या म्हणून होते. ते खाली गेलेच नाहीत. म्हणाले, ‘शेवटचं कुठं दिसली?’ आम्ही त्या जागेपर्यंत मागे गेलो. तिथून एक ढोरवाट डावीकडे उतरत होती आणि ओल्या मातीत बुटांचे ताजे ठसे होते. दहा मिनिटं उतरल्यावर ओढा लागला, मग हाकेला ओ आली. पोरं आमच्या खाली एका दगडी टप्प्यावर बसलेली. दीड पुरुष उंचीवरून खाली उड्या मारल्या होत्या, आता परत चढता येईना. आणि पुढे दहा पावलांवर ओढाच संपत होता. पाणी सरळ खाली पडत होतं, तळ दिसत नव्हता. कारवीच्या काड्या धरून धरून एकाचे तळवे सोलले होते. मामांनी कमरेची दोरी झाडाला बांधून दोघांना वर घेतलं. वर आल्या आल्या मोठा म्हणतो, ‘अण्णा, ओढा धरला की गाव लागतंय की ओ!’ मामा दोरी गुंडाळत म्हणाले, ‘लागलं असतं की. एकदम लागलं असतं.’

याचं कारण दगडात आहे. सह्याद्री म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. कठीण थरांचे उभे कडे झाले, मऊ थरांचे टप्पे झाले, सगळा डोंगर जिन्यासारखा. ओढ्याला उडी मारता येते, तुम्हाला नाही. टप्पे उतरत जाल तसा परतीचा रस्ता बंद होत जातो आणि एका टप्प्यावर पुढचाही बंद होतो.

म्हणून वाट चुकल्याची शंका आली की उतरायचं नाही. दहा मिनिटांत दगडावरचा बाण, मळलेली वाट, काहीच ओळखीचं दिसलं नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे जायचं. चढ असला तरी, पाय दुखत असले तरी. ग्रुपपासून तुटलात तर आहात तिथेच बसा आणि थोड्या थोड्या वेळानं शिट्टीच्या तीन-तीन फुंका मारा. शिट्टी पाच-दहा रुपयांची असते. हजारोंचे बूट घालणाऱ्याकडे ती सहसा नसते. आणि फाट्यावर सगळे आल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही. ज्याला पळायचंय त्यानं मॅरेथॉन करावी.

मोबाइलवर विसंबणे

जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशा उघडायला लागतं. नकाशा आणि वाटेचा ट्रॅक घरीच डाउनलोड करून ठेवा, चढायला लागलात की फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर रेंज शोधण्यातच दुपारपर्यंत बॅटरी संपते. दाट झाडीत आणि घळीत जीपीएसही भरकटतो, स्क्रीनवर तुम्ही वाटेवर असता आणि प्रत्यक्षात करवंदीच्या जाळीत. बाकी दोन दिवस आधी पायथ्याच्या गावात फोन करून वाट मोकळी आहे का, पाणी कुठवर आहे, बंदी आहे का, एवढं विचारणं हे कुठल्याही अ‍ॅपपेक्षा बरं. रीलमध्ये बंदीची पाटी दाखवत नाहीत.

‘उन्हाचं आम्हाला काय सांगता?’

सोलापूरकर ४४ अंशाचा मे महिना काढतो, म्हणून त्याला वाटतं दोन बाटल्या पाणी पुष्कळ झालं. आपल्याकडे घाम आल्या आल्या वाळतो आणि अंग थंड होतं. घाटाखालच्या दमट झाडीत घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो. पाणी आणि मीठ दोन्ही जातं, अंग मात्र तापलेलंच. ३२ अंशाला गळालेले पट्टीचे सोलापुरी मी पाहिलेत. माणशी तीन-चार लिटर पाणी घ्याच. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरातच विरघळवा, अर्ध्या बाटलीत कोंबू नका.

खाण्याच्या बाबतीत आपण नशीबवान. कडक भाकरी आणि शेंगाचटणीसारखी शिदोरी नाही, मोडत नाही, विटत नाही. फक्त चटणीच्या नादात पाणी संपवू नका.

कपडे: जीन्स नको. सुती जाडजूड काहीच नको, भिजलं की वाळत नाही. चादरीच्या गावातल्या माणसाला हे पटवणं अवघड जातं, पण चादर गाडीत ठेवा.

नवे बूट थेट ट्रेकला नको. अत्तर, डिओ नको, वर आग्या मोहोळं असतात. विजेरी प्रत्येकाची वेगळी, दिवसाचा ट्रेक असला तरी.

वाट कुठं संपते ते न बघणे

अंधारबनचा जंगल-ट्रेक मुळशीकडच्या पिंप्रीहून सुरू होतो आणि खाली कोकणात भिऱ्याला संपतो. गाडी पिंप्रीत लावून, उतारच आहे म्हणत खुशीत भिऱ्याला उतरलेले महाभाग भेटतात. मग त्यांना कळतं की गाडी डोंगराच्या वर आहे आणि रस्त्यानं मोठा वळसा आहे. शिवाय उतार सोपा असतो हे कुणी सांगितलं? फुप्फुसं चढाला दमतात, गुडघे उताराला जातात. सपाटीवर चालून गुडघ्यांची तयारी होत नाही. मी महिनाभर आधी ओळखीच्या अपार्टमेंटचे जिने पाठीवर पाणी घेऊन चढतो-उतरतो, वॉचमन हसतो. जमलं तर एखादा रविवार येडशीच्या रामलिंगला, बालाघाटातला चढउतार आणि झाडी दोन्ही मिळतात.

रात्रीचा प्रवास फुकटात धरणे

सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मध्यरात्रीनंतर पुण्यात उतरायचं, फलाटावर चहा पीत उजाडायची वाट बघायची आणि तसंच गडाला भिडायचं. झोप नाही, पोट साफ नाही, आणि नऊ वाजता ‘चक्कर येतेय’. आदल्या दुपारी निघा, पायथ्याच्या गावात जेवून झोपा. दोन-तीनशे रुपये जास्त जातील.

परतीचं तर त्याहून वाईट. दिवसभर डोंगर चढून-उतरून रात्री पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर स्वतः गाडी चालवणारे आहेत. सरळ रस्ता, भिगवणनंतर सगळी गाडी घोरते आणि चालवणारा एकटा जागा. माझ्याबरोबर यायचं तर दोनच पर्याय असतात: गाडी चालवणारा गड चढणार नाही, नाहीतर रविवारची रात्र मुक्काम. सोमवारची रजा मिळत नसेल तर मला फोन करू नका.