वावरातली बग्गी: इंजिन मागं घेताना

वावरात, म्हणजे शेतात, फिरवायला पाइपांच्या पिंजऱ्याची बग्गी (उघडी गाडी) घरीच बनवायची, तर भंगारातली मारुती ८०० पाहा. तिचं ७९६ सीसीचं इंजिन, गिअरबॉक्स अन् पुढची चाकं फ्रेमसकट उचलून मागं बसवायची. पण ती चाकं आता वळायला नको! म्हणून टाय रॉड (चाकं वळवणारी दांडी) स्टिअरिंगऐवजी थेट चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) बांधा, लांबी जुळवून चाकं सरळ करा अन् चेकनट (ती लांबी जागेवर धरणारा नट) करकचून आवळा. ढिला राहिला की गाडी मागून झुलते.

पिंजऱ्याला पाण्याचा जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप नको; जस्ताच्या धुरानं वेल्डरला ताप भरतो. सीमलेस (बिनजोडाचा) पाइप घ्या, चौकोन तिथं तिरपा पाइप द्या.

रेडिएटर सीटमागं उंचावर, पंख्यासकट. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ गाठतो.

नोंदणीविना रस्त्यावर मनाई, तेव्हा धुऱ्याच्या (बांधाच्या) आतच फिरवा. पावसाळ्यात काळ्या मातीत घालाल, तर बैलजोडी आधीच सांगून ठेवा.