पहिल्या पावसाआधी जुने डबे बाहेर काढा

पेरणीच्या धांदलीत कोठाराच्या कोपऱ्यातल्या कीटकनाशकांच्या जुन्या डब्यांकडे कोणाचं लक्ष जात नाही. लेबल गळालेलं, तळाशी थोडं औषध उरलेलं. वाया जाईल म्हणून ते फवारू नका, ओढ्याकाठी ओतू नका, पुरू किंवा जाळूही नका. कृषी अधिकाऱ्यांना विचारून ठरलेल्या ठिकाणीच जमा करा. त्यात डीडीटीसारखं जुनं क्लोरीनयुक्त औषध निघालं, तर ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं.

आजची बरीचशी औषधं लवकर विघटन पावतात, म्हणून फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवस थांबलं की भागतं. या जुन्यांना तो नियम लागू पडत नाही. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मुरतात. त्यामुळे लघवीवाटे सहज बाहेर पडत नाहीत. किड्याने साठवलेलं मासोळीत येतं, मासोळीतलं पक्ष्यात, आणि दर पायरीला प्रमाण वाढतं. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये चिलटं मारायला १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये डीडीडी हे डीडीटीचं भावंड टाकलं होतं. पाण्यात ते ०.०२ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.०२ भाग) आसपास होतं, मेलेल्या ग्रीब या पाणपक्ष्यांच्या चरबीत मात्र १६०० पीपीएम सापडलं. ८० हजार पट! ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

दुभत्या जनावराच्या अंगातलं असं विष दुधाच्या स्निग्धांशातून वासराकडे जातं. म्हणून पंप धुतला तिथलं गवत कापून घालू नका. विषारी द्रव्यं मातीच्या कणांना चिकटून वाहतात. शेततळ्यात मासे असतील तर शेतातला ओघळ वळवा, काठाला गवताचा रुंद पट्टा राखा.

कॅडमियम या जड धातूची तऱ्हा वेगळी. ते चरबीत नाही, मूत्रपिंडात साचतं आणि १० ते ३० वर्षांत जेमतेम निम्मं होतं. सांडपाण्याचा गाळ आणि काही स्फुरदयुक्त खतांतून ते येतं. आम्लधर्मी जमिनीत पालेभाज्या ते जास्त ओढतात आणि पानात शिरलेलं धुऊन जात नाही. पेरणीआधी सामू (पीएच) तपासा, कमी असेल तर माती परीक्षणानुसार चुना द्या. तपासणी न केलेला गाळ भाजीच्या वाफ्यात नकोच.

उंदरांसाठी आधी सापळे लावा, बिळं बुजवा. ब्रोडिफॅकम या उंदीरनाशकाचं आमिष खाल्लेला उंदीर काही दिवस हिंडत राहतो, घुबड नेमका तोच पकडतं, आणि विष घुबडाच्या यकृतात महिनोन्‌महिने राहतं. आमिष वापरलंच तर बंद पेटीत ठेवा, मेलेले उंदीर रोज हातमोजे घालून उचला, खोल पुरा.