आईच्या मृत्यूनंतर जन्मलेलं मूल: क्वेकर नोंदीतला घोळ

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर (महिन्यांना नावांऐवजी क्रमांक देणारा ख्रिस्ती पंथ) नोंदीत मुलाचा जन्म ‘दुसरा महिना 1720’, आईचा मृत्यू ‘बारावा महिना 1720’. कुणीतरी मृत्यू फेब्रुवारी 1720 लावला, जन्म एप्रिल 1720. आणि नसलेली सावत्र आई उभी राहिली! ब्रिटिश वसाहतींत 1752 आधी मार्च हा पहिला महिना आणि वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणजे मृत्यू फेब्रुवारी 1721 चा. आई तीच.

बाप ठरवताना एकाच नावाचे दोन चुलतभाऊ हमखास आडवे येतात. छापील गोषवाऱ्यावर विसंबू नका, मूळ विवाहपत्र काढा. वधूवरांच्या सहीखाली, बहुधा उजव्या रकान्यात, जवळच्या नातेवाइकांच्या सह्या सापडतात. आईवडिलांची संमती मासिक सभेच्या (स्थानिक क्वेकरांच्या कामकाजाच्या बैठकीच्या) इतिवृत्तात असते. स्त्रियांच्या सभेची वही वेगळी, तीही चाळाच. पंथाबाहेर लग्न करून बहिष्कृत झालेल्याचा पुढचा माग मात्र बहुधा मृत्युपत्रात आणि जमिनीच्या खतात लागतो.