सायकलचा विमा: आधी कलम वाचा, मग कुलूप घ्या

सायकल चोरीला जाते, पोलिसांत तक्रार होते, पॉलिसीही चालू असते आणि तरी दावा नामंजूर होतो. अशा वेळी घोळ बरेचदा कुलपापाशी असतो. पॉलिसीत ‘मान्यताप्राप्त कुलूप’ म्हटलेलं असतं आणि सायकलला असते केबल. किंवा कुलूप दणकट असतं, पण ते फक्त चाक आणि फ्रेममधून घातलेलं, खांबाला नाही. म्हणून कुलूप घ्यायला निघण्याआधी पॉलिसीची पूर्ण प्रत मागवा आणि चोरीचं कलम वाचा. माहितीपत्रकावर भागवू नका. सगळ्या अटी तिथे नसतात.

कुलपाचा दर्जा आधी पाहा. ब्रिटनमधली सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपं फोडून पाहते आणि ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असा दर्जा देते. नेदरलँड्सची एआरटी तारे देते. सायकल जितकी महाग, तितका वरचा दर्जा विमा कंपनी मागू शकते. मग ‘अचल वस्तू’ची अट शोधा, म्हणजे सायकल जमिनीत रोवलेल्या कशाला तरी बांधलेली हवी. रात्री किंवा ठरावीक तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवलेली सायकल चालते का, तेही चोरीच्या कलमातच कळतं. दिवे, कॅरिअर, पिशव्या एकट्या चोरीला गेल्या तर बऱ्याच पॉलिसी काही देत नाहीत.

विम्याची रक्कम कमी लावून हप्ता वाचवायचा मोह महागात पडतो. समजा सायकलची किंमत 100 आहे आणि विमा 60 चा उतरवलाय. अपघातात 50 चं नुकसान झालं, तर सरासरीचं कलम (किमतीच्या जितक्या हिश्शाचा विमा, नुकसानीचा तितकाच हिस्सा) असलेल्या पॉलिसीत हातात 30 च येतात, आणि त्यातूनही तुमच्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा होते. भरपाई नव्या सायकलच्या किमतीने मिळणार की घसारा कापून, हे लेखी विचारून घ्या. घराचा विमा असेल तर तोही चाळा. त्यात सायकल धरलेली असू शकते, पण एका वस्तूची मर्यादा तोकडी असते आणि घराबाहेरची चोरी बरेचदा वेगळी जोडून घ्यावी लागते.

आता कागदपत्रं. सायकल उलटी करा. पायडलचा एक्सल ज्या आडव्या नळीत बसतो, तिच्या पोटाला बहुतेक सायकलींचा फ्रेम नंबर ठोकलेला असतो. तिथे नसेल तर हँडलखालच्या नळीवर किंवा मागच्या चाकाच्या खाचेजवळ पाहा. रंगाखाली अक्षरं बुजली असतील तर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, आकडे उमटतात. 0 आणि ओ, 8 आणि बी यांत गल्लत होते, म्हणून फोटोही काढा. बिलावर हाच नंबर आहे ना, तेही त्याच दिवशी ताडून पाहा. एका आकड्याच्या फरकाने दावा अडकतो आणि वर्षभराने दुकानातून दुरुस्त बिल मिळवणं जिकिरीचं होतं.

कुलपाकडे वळू. केबल चांगल्या कटरने काही सेकंदांत तुटते. ती सीट किंवा पुढचं चाक अडकवण्यापुरतीच. मुख्य कुलूप यू-लॉकच हवं, म्हणजे यू आकाराचा दांडा आणि त्याची टोकं ज्यात बसतात तो आडवा दांडा. यू 13-14 मिमी जाड, कडक पोलादाचा. हाताचा बोल्ट कटर त्यावर सहसा चालत नाही. ग्राइंडर (धातू कापायचं विजेचं यंत्र) चालतो, पण कुलपाचे दोन्ही पाय आडव्या दांड्यात अडकत असतील तर चोराला दोन काप घ्यावे लागतात, कारण एका कापावर यू वळत नाही. गोल नळीच्या चावीची जुनी कुलपं वापरू नका: त्यातली काही बॉलपेनच्या नळीने उघडतात, हे 2004 मध्येच जगजाहीर झालं.

यू मागच्या चाकातून, फ्रेममधून आणि खांबाभोवती असा एकदमच घाला. आत मोकळी जागा जितकी कमी, तितका पहार किंवा जॅक घालायला वाव कमी. चावीचं भोक खाली ठेवा, पण कुलूप जमिनीला टेकू देऊ नका. टेकलं की फरशीच ऐरण होते आणि हातोड्याचं काम सोपं होतं. खांब हलवून पाहा, वरही पाहा: सायकल उचलून वरून काढता येत असेल तर तो खांब बिनकामाचा. क्विक रिलीज, म्हणजे चाक किंवा सीट हातानेच सैल करायची कळ, तिच्या जागी खास चावीचे बोल्ट बसवा. सीटच्या अ‍ॅलन बोल्टच्या खाचेत मेण भरून छोटी पोलादी गोळी दाबली, तरी भुरट्या चोराचा वेळ जातो.

ट्रॅकर लावायचा तर धातूच्या नळीत खोल कोंबू नका, सिग्नल मरतो. सीटखाली किंवा बाटलीच्या स्टँडमागे लपवा. त्याच्या भरवशावर कुलूप मात्र हलकं घेऊ नका. काही ट्रॅकर जवळच्या अनोळखी फोनला स्वतःच सूचना देतात, म्हणजे चोरालाही कळतं.

चोरी झालीच, तर तुटलेलं कुलूप फेकू नका. तुकडे आणि जागा यांचे फोटो काढा, फ्रेम नंबर देऊन पोलिसांत तक्रार करा आणि पॉलिसीतल्या मुदतीत कंपनीला लेखी कळवा. ही मुदत काही ठिकाणी एक-दोन दिवसांचीच असते. कुलपाचं बिल आणि दोन्ही चाव्या मागितल्या जातात. म्हणून दुसरी चावी पहिल्या दिवसापासून घरी वेगळी ठेवा, जुडग्यात नाही.