जुन्या अंतर्गत मेथड काढून टाकण्यापूर्वी

हिंगणघाट किंवा वणीकडच्या जिनिंगसाठी कापूस खरेदीचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांच्या कोडमध्ये ‘डेप्रिकेटेड’ (यापुढे वापरू नये) अशी खूण केलेल्या, पण वर्षानुवर्षे तशाच पडून असलेल्या अंतर्गत मेथड (त्याच सॉफ्टवेअरपुरते, एकेक काम करणारे कोडचे तुकडे) हमखास सापडतात. जावा या प्रोग्रामिंग भाषेत ही खूण २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून अॅनोटेशनच्या, म्हणजे कोडमध्येच लिहायच्या टिपेच्या, रूपात आहे. मात्र खूण ही केवळ सूचना असून मेथड वापरात नसल्याचा तो पुरावा नव्हे.

म्हणून मेथडचे नाव आधी ‘गिट ग्रेप’ने (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या ‘गिट’ची शोध-आज्ञा) संपूर्ण रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्या फाइलींत, शोधावे, कारण रिफ्लेक्शन (प्रोग्राम चालू असताना नावावरून मेथड शोधून वापरणे), कॉन्फिगरेशन फाइल किंवा पावतीचे टेम्प्लेट यांत ते नाव निव्वळ मजकूर म्हणून आलेले असल्यास कोड तपासून त्याचे यंत्रासाठी भाषांतर करणारा कंपायलर काहीच तक्रार करीत नाही. फक्त चाचण्याच तिला हाक मारत असतील, तर त्या चाचण्यांसह ती काढावी.

खरी फसगत लॉगमुळे, म्हणजे प्रोग्राम चालताना होणाऱ्या नोंदींमुळे, होते. मेथडमध्ये नोंद टाकून जून-जुलैत महिनाभर वाट पाहिली आणि एकही नोंद आली नाही, तरी त्यावर विसंबू नये. दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी आवक आणि हंगामाअखेरचा शेतकऱ्यांच्या चुकाऱ्यांचा हिशेब, हे दोन्ही पार पडेपर्यंत थांबावे, असे माझे मत आहे.

काढताना ओळी कॉमेंट करून (निष्क्रिय करून) ठेवू नयेत, कारण इतिहास गिटकडे असतोच. हा बदल स्वतंत्र कमिटमध्ये (गिटमधील बदलाच्या एका नोंदीत) ठेवावा, म्हणजे ऐन खरेदीच्या दिवशी काही अडलेच, तर ‘गिट रिव्हर्ट’ने तेवढाच भाग परत आणता येतो.