मॉडेलमध्ये भिंती कुठे आहेत? भूकंप-विश्लेषणात नव्याने येणाऱ्यांसाठी

बीई किंवा एमई झालंय, आयएस १८९३, म्हणजे भूकंपासाठीचा भारतीय कोड, एकदा तरी चाळलाय, ईटॅब्स या सॉफ्टवेअरमध्ये आठ मजल्यांची फ्रेम उभी करता येते, एवढं गृहीत धरून लिहितेय. झोन म्हणजे काय, रिस्पॉन्स स्पेक्ट्रम म्हणजे काय हे इथे मिळणार नाही. ते कॉलेजात झालंय. झालं नसेल तर चार सुट्ट्या खर्ची घाला, होऊन जाईल. मला सांगायचंय ते कॉलेजात कुणी शिकवलं नाही, ऑफिसात कुणी बोललं नाही, आणि एका प्रूफ चेकिंगच्या, म्हणजे दुसऱ्या इंजिनिअरने डिझाइन तपासण्याच्या, मीटिंगमध्ये भर लोकांत माझ्यासमोर येऊन आदळलं. समोरच्या सरांनी माझं रंगीत मॉडेल दोन मिनिटं फिरवून बघितलं आणि विचारलं, "भिंती कुठे आहेत?" मी म्हटलं, "बीमवर लोड दिलाय, सर." ते नुसते हसले.

आपल्याकडची नेहमीची बिल्डिंग घ्या. खाली पार्किंग, वर सात मजले, म्हणजे २४ मीटर उंची. कॉलम, बीम, स्लॅब मॉडेलमध्ये आले. भिंतींचं काय केलं? जाडी गुणिले उंची गुणिले घनता, इतके किलोन्यूटन प्रति मीटर, टाकले बीमवर. भिंतीचं वजन आलं, ताठपणा आला नाही. सॉफ्टवेअरला वाटतंय की इमारत म्हणजे नुसता सांगाडा, आणि त्या सांगाड्यावर कुणीतरी विटांची पोती ठेवलीत.

आता आकडे बघा, कारण आकड्यांशिवाय हे पटत नाही. नुसत्या फ्रेमचा पिरियड, म्हणजे एकदा डोलायला लागणारा वेळ, सॉफ्टवेअर समजा १.५ सेकंद देतं. बीमना ०.३५ आणि कॉलमना ०.७ असा भेगाळलेल्या सेक्शनचा गुणक लावला की एवढा सहज येतो. कोडचं भिंती असलेल्या इमारतीचं सूत्र ०.०९ गुणिले उंची भागिले √d. d, म्हणजे पायाची लांबी, १६ मीटर धरली तर ०.५४ सेकंद. मध्यम जमिनीसाठी १.५ सेकंदाला स्पेक्ट्रमची किंमत ०.९१ च्या आसपास, आणि ०.५४ ला पूर्ण २.५. झोन तीन, आर (इलास्टिक बलाला ज्याने भागतात तो आकडा) पाच, इम्पॉर्टन्स फॅक्टर एक. पहिल्या हिशेबात आडवं बल वजनाच्या जेमतेम दीड टक्का, दुसऱ्यात चार टक्के. इमारतीचं वजन २०,००० किलोन्यूटन असेल तर एकीकडे २९०, दुसरीकडे ८००.

इथपर्यंत ऑफिसातल्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून प्रत्येक जण काय करतो? बेस शिअर, म्हणजे पायाशी येणारं एकूण आडवं बल, कोडच्या किमतीपर्यंत स्केल करतो आणि पुढच्या फाइलकडे वळतो. मीही तेच करत होते. खरी मेख इथेच आहे, म्हणून जरा रेंगाळते.

स्केल केल्याने एकूण बल बरोबर होतं. ते बल इमारतीत कुठे साचतं, हे काही बदलत नाही. नुसत्या फ्रेमच्या मॉडेलमध्ये डोलण्याचा आकार खालपासून वरपर्यंत गुळगुळीत दिसतो, प्रत्येक मजला थोडा थोडा सरकतो, ड्रिफ्ट, म्हणजे मजल्याचं सरकणं भागिले त्याची उंची, ०.००४ च्या आत, आपण खूश. खऱ्या इमारतीत वरच्या सात मजल्यांना भिंती आहेत आणि पार्किंगला नाहीत. वरचं सगळं एकसंध ठोकळा होऊन सरकतं आणि जवळजवळ सगळा ड्रिफ्ट पार्किंगच्या कॉलममध्ये गोळा होतो. ८०० किलोन्यूटन तेच, पण ते झेलताना वाकतो तो एकच मजला. तुमचा स्केल फॅक्टर हे कधीच दाखवणार नाही, कारण ज्या मॉडेलला तो लावताय त्यात सॉफ्ट स्टोरी, म्हणजे वरच्यापेक्षा कमी ताठ मजला, नाहीच.

भिंतीत एवढा दम असतो का? मलाही पटत नव्हतं. म्हणून कागदावर करा. ४ मीटर लांब, २.५ मीटर उंच, १५० मिलिमीटर जाडीचा दरवाजा-खिडकी नसलेला पॅनेल. वीट ५ मेगापास्कल, मॉर्टर ५ मेगापास्कल. कोडच्या सूत्राने वीटकामाची ताकद २.१७ येते, त्याच्या ५५० पट म्हणजे इलास्टिक मॉड्युलस साधारण १,१९०. काँक्रीट एम २५ चं २५,००० असतं, म्हणजे वीटकाम त्याच्या वीस भागांत एक. बाजूचा कॉलम ३०० बाय ४५०. कोडच्या सूत्राने तिरक्या स्ट्रटची, म्हणजे मॉडेलमध्ये भिंतीऐवजी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टाकायच्या दांड्याची, रुंदी ६५० मिलिमीटरच्या आसपास येते. त्या स्ट्रटचा आडवा ताठपणा काढा: सुमारे १७.७ किलोन्यूटन प्रति मिलिमीटर. आता त्याच कॉलमचा, ३ मीटर उंचीचा, दोन्ही टोकं पक्की धरून, ०.७ गुणक लावून, जाड बाजूने काढा. तोही १७.७.

म्हणजे जिला आपण पार्टिशन म्हणून हिणवतो ती साधी भिंत एका अख्ख्या कॉलमच्या बरोबरीने उभी आहे. शिवाय कॉलमची टोकं प्रत्यक्षात पक्की नसतात, बीम वळतात, त्यामुळे कॉलमची बाजू आणखी लंगडी. एका मजल्यावर अशा किती भिंती आहेत ते मोजा, आणि मग पार्किंगमध्ये किती आहेत ते मोजा.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात हेच झालं. केंद्र कच्छमध्ये, भचाऊजवळ. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून लांब. तरी तिथल्या कितीतरी बहुमजली इमारती खाली बसल्या, आणि त्यात पार्किंगवर उभ्या असलेल्यांचा भरणा मोठा होता. आपल्याकडचे लोक "ते कच्छ आहे हो, झोन पाच" म्हणून सोडून देतात. २०१६ च्या कोडच्या नकाशात अहमदाबाद झोन तीनमध्ये आहे. पुणे आणि मुंबईही झोन तीनमध्येच आहेत. हे वाक्य मी क्लायंटच्या मीटिंगमध्ये मुद्दाम वापरते.

२००२ च्या कोडमध्ये यावर एक पळवाट होती: उघड्या मजल्याच्या कॉलम-बीमची बलं अडीचपट करा. तीसुद्धा किती जणांनी पाळली हा वेगळा विषय. २०१६ च्या आवृत्तीत भूमिका बदलली, वरच्या मजल्यापेक्षा खालच्याचा ताठपणा कमी असेल तर तो सॉफ्ट स्टोरी, आणि उघड्या मजल्यांच्या इमारतीत शिअर वॉल (आडवं बल घेणारी काँक्रीटची भिंत) किंवा ब्रेसिंग (तिरके आधार) घ्या. माझं मत विचाराल तर पार्किंगच्या इमारतीत लिफ्टच्या भिंती काँक्रीटच्या करून गप्प बसणारे अर्धंच काम करतात. लिफ्ट एका कोपऱ्यात असली की टॉर्शन (इमारतीचा पीळ) वाढतो. आर्किटेक्टशी भांडून दोन्ही दिशांना, दोन्ही बाजूंना भिंती मागा. भांडण पहिल्या ड्रॉइंगला करा, नंतर कुणी ऐकत नाही.

स्ट्रट टाकताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. एक, स्ट्रटच्या मटेरियलचं वजन आणि मास शून्य ठेवा, नाहीतर भिंतीचं वजन दोनदा मोजलं जातं आणि बेस शिअर का वाढला म्हणून तुम्ही रात्री दहापर्यंत बसाल. दोन, रिस्पॉन्स स्पेक्ट्रम लिनिअर असतो, तिथे स्ट्रटला "फक्त दाब घेणारा" म्हटलं तरी तो ताणही घेतो. म्हणून प्रत्येक पॅनेलला एकच तिरका घ्या, दोन्ही टोकांना मोमेंट रिलीज द्या, म्हणजे तो वाकणं घेणार नाही. आणि भिंती एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या असतील तर विटांचे आकडे चिकटवू नका, टेस्टचे मागा.

हे वाचून धसका घेऊ नका. सुरुवातीला हे कुणालाच दिसत नाही. तुमची इमारत तुमच्या एकट्याच्या सहीवर उभी राहत नाही, वर तपासणारे असतात. पण ते तपासतील म्हणून आपण बघायचं नाही, असं करणारे लोक मी पाहिलेत आणि दहा वर्षांनीही ते मॉडेलच फिरवतायत.

आता सीनिअर आणि शॉर्टकट. "ईटॅब्स महिन्याभरात" छापाचे कोर्स करायचे तर करा, बटणं कळतील. मला राग येतो तो ऑफिसातल्या वारसा-एक्सेलचा. कुणीतरी कधीतरी बनवलेली शीट, सेल लॉक केलेले, पासवर्ड ज्याला माहीत तो दुबईला. अशा शीटवर कॉलम डिझाइन करू नका. एक कॉलम आणि एक बीम हाताने सोडवा, शीटशी ताडून बघा, मग वापरा. सीनिअर निवडता आला तर जो आकडा सांगतो त्याच्याऐवजी क्लॉज उघडायला लावतो तो निवडा. आणि जो साइटवर जात नाही त्याच्याकडून डिटेलिंग शिकू नका. कोडसाठी पैसे खर्चायची गरज नाही, बीआयएसच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. पहिल्या पगाराची आयटीतल्या मित्रांशी तुलना मात्र करू नका. जेवण जात नाही.

साइटचं एकच सांगते. आर पाच घेतलात म्हणजे तुम्ही इलास्टिक बलाचा पाचवा भाग डिझाइनला धरला. ही सूट कशाच्या जिवावर? आयएस १३९२० च्या, म्हणजे इमारत न तुटता वाकावी यासाठीच्या कोडच्या, डिटेलिंगच्या. ते नसेल तर आर तीन, आणि बल एकदम ६७ टक्क्यांनी जास्त. म्हणून कॉलमच्या रिंगचा हूक १३५ अंशांत वळून आत काँक्रीटच्या गाभ्यात गेला पाहिजे, पुढचं टोक ८ मिलिमीटरच्या रिंगला ६५ मिलिमीटर. साइटवर तो ९० अंशांत असतो. कव्हर उडालं की तो उघडतो आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. मुकादम म्हणतो, "मॅडम, एवढा वळवला तर रिंग बसत नाही, बीमच्या जॉइंटमध्ये तर हात जात नाही." तो खोटं बोलत नसतो. २३० च्या कॉलममध्ये चार बाजूंनी बीम आले की खरंच हात जात नाही. त्याच्यावर ओरडण्याआधी आपलं ड्रॉइंग बघा. २०१६ च्या कोडने कॉलमची किमान बाजू ३०० केली, त्यामागे हे दुखणंही आहे. जॉइंटमधल्या रिंगा बीमची सळई टाकण्याआधी ओवायच्या, हा क्रम ड्रॉइंगवरच लिहून द्या.

लोड-बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच उभ्या असलेल्या, दगड-विटांच्या इमारतींकडे आपले लोक बघतच नाहीत, जुनाट म्हणून. महाराष्ट्रात भूकंपात सर्वात जास्त माणसं मारली ती मात्र दगडी भिंतींनीच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी. तीव्रता ६.२, आणि तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या झोनमध्ये. माळवदाची घरं, वर मातीचा जाड थर, खाली मातीत रचलेल्या दोन-तीन फुटी भिंती. भिंत जाड म्हणजे मजबूत, असं सगळ्यांना वाटायचं. पण ती एक भिंत नव्हतीच. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये दगडगोटे आणि माती. हादऱ्याने दोन थर सुटले आणि छप्पर झोपलेल्यांवर आलं. आरपार जाणारा दगड, म्हणजे थ्रू स्टोन, दर ६०० मिलिमीटर उंचीला आणि आडवा १.२ मीटरच्या आत घातला, लिंटेलला सलग पट्टा फिरवला, तर तीच भिंत बरीच तग धरते.

अशी इमारत विश्लेषणाला आली तर शेल एलिमेंटच्या रंगीत चित्रावर विसंबू नका. लिनिअर मॉडेल ०.४ मेगापास्कल ताण आनंदाने दाखवतं. आयएस १९०५, म्हणजे वीटकामाचा कोड, उभ्या वाकण्यात ०.०७ पेक्षा जास्त ताण मान्य करत नाही, आणि मातीच्या जोडणीत तोही शून्य धरा. त्यापेक्षा खिडक्या-दारांमधले पिअर (भिंतीचे उभे पट्टे) घेऊन हाताने बल वाटा. २ मीटर उंचीचे दोन पिअर, एक १ मीटर रुंद, एक ३ मीटर. दोन्ही टोकं पक्की धरली तर तिप्पट रुंद पिअर सहापट बल ओढतो. म्हणजे ज्या रुंद पिअरकडे बघून आपण निर्धास्त असतो त्याचाच शिअर आधी तपासायचा.

ही कामं तुमच्याकडे बहुतेक वेळा एकाच प्रश्नाच्या रूपात येतील: जुन्या वाड्याचा मालक म्हणेल, रस्त्याकडची तळमजल्याची भिंत काढून दुकानाला शटर बसवायचंय, वर एक गर्डर टाकून देतो, तुम्ही फक्त लेटर द्या. गर्डर वरचं वजन घेईल, यात तो बरोबर आहे. पण त्या दिशेचं आडवं बल घेणारी भिंत गेली, आणि वर भिंती तशाच राहिल्या. पार्किंगचीच गोष्ट, फक्त विटांची. लेटर देऊ नका. शटरच्या चौकटीभोवती पायापासून बांधलेली काँक्रीटची फ्रेम सुचवा, काढलेल्या भिंतीचा ताठपणा काढून तिच्याशी जुळवा, फ्रेम वरच्या भिंतीला आणि बाजूच्या भिंतींना कशी जोडायची ते काढून द्या, आणि त्या कामाची फी आधी सांगा. मालक दुसऱ्या कुणाकडे जाईल, हे धरून चला.