लांब पायी जायचंय? बूट घेताना या चुका टाळा

इंदूरहून ओंकारेश्वरला पायी जाताना पायांचा खरा कस लागतो तो सिमरोलच्या पुढे, भेरूघाट उतरताना. चढणीने दम लागतो, पण नखं जातात ती उतारावर. माळव्याचं पठार सोडून रस्ता निमाडात उतरायला लागला की पाऊल बुटात पुढे सरकतं आणि अंगठा दर पावलाला टोकावर आपटतो. पहिल्या खेपेला माझे बूट अगदी ‘बरोबर मापाचे’ होते. बडवाह येईतो दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली होती.

चूक नंबराची होती. ‘मला आठच लागतो’ म्हणून मी आठ मागितला. पण एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीत साडेसात निघतो, शिवाय आपले दोन्ही पाय सारखे नसतात. बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. जे मोजे घालून चालणार तेच घालून जा. उभं राहून, मोठ्या पायाच्या सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का ते बघा. काहींचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब असतं, तिथे मोजायचं ते त्या बोटापुढे.

रुंदी बघायची सोपी रीत म्हणजे बुटातला सुकतळा बाहेर काढून त्यावर उभं राहणं. चवडा किंवा करंगळी कडेबाहेर जात असेल तर तो बूट परत द्या. ‘घालून घालून सैल होईल’ हे दुकानात हमखास ऐकायला मिळतं. चामडं रुंदीला जरा सैलावतं, लांबीला नाही.

नवे बूट घालून थेट यात्रेला निघू नका. आधी दोन-तीन आठवडे इंदुरातल्या पिपल्यापाळा तलावाच्या बाजूला, पाठीवर तीच पिशवी घेऊन फेऱ्या मारा. सुती मोजे घामाने ओले राहतात आणि ओल्या कातडीवर फोड लवकर येतात. लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या.

टाच वर-खाली होत असेल तर नाडी सगळ्यात वरच्या भोकातून त्याच बाजूने आत घालून छोटा फास ठेवा, समोरची नाडी त्यातून ओवा आणि घट्ट ओढा. घाटात पाऊल पुढे सरकत असेल तरी याने धरून राहतं. कुठे चुरचुरलं तर ‘पुढच्या चहाला बघू’ म्हणू नका. तिथेच बसा, पाय कोरडा करा आणि सुरकुती न पडू देता चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर फोडू नका.

मधुमेह्यांनी जास्त जपायला हवं, कारण पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. आमच्या आत्याबाईंच्या बुटात दिवसभर खडा होता. रात्री मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. आता प्रत्येक मुक्कामाला आम्ही त्यांचे बूट उलटे करून झटकतो, आत हात फिरवतो आणि तळवे उजेडात नीट बघतो.